'ख' आडनावाची माणसं: एका प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

२७ जुलै

१० ऑक्टोबरला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची जयंती. आमच्या वाचनालयात दरवर्षी फोटोला हार, एक भाषण आणि पेढे एवढंच होतं. यंदा पॅनल लावायचं ठरलंय. पण विषय त्यांचं चरित्र नाही, ते सोलापुरात शाळेतल्या पोराला पण माहितीय आणि भैय्या चौकातल्या त्यांच्या घरात महापालिकेचं स्मारक आहेच. विषय आहे त्यांचं चिनी आडनाव.

झालं असं की १९३८ मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, १ सप्टेंबरला मुंबईहून बोट निघाली, आणि पुढे चोंगचिंगला शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्रमुख तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावं दिली. सगळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ह्वा', म्हणजे चीन. पथकातले डॉ. बसू झाले बा सूह्वा. कोटणीस झाले ख तीह्वा. तिकडे आडनाव आधी येतं, त्यामुळे सोलापूरच्या कोटणीसांचं आडनाव झालं ख. हे काही बनवलेलं नाव नाही, हे खरंखुरं जुनं चिनी आडनाव आहे, पण कमी लोकांचं. सोंग राजवटीच्या काळापासून, म्हणजे हजारेक वर्षांपासून, पोरांकडून पाठ करून घ्यायची आडनावांची जी यादी आहे तिच्यात हे १६४ व्या जागी येतं, आणि आज लोकसंख्येच्या हिशोबाने पहिल्या शंभरात नाही.

तर प्रश्न एवढाच, या आडनावाची बाकीची नावाजलेली माणसं कोण? कोटणीस कुणाच्या पंगतीत जाऊन बसले?

वाचनालयाने १२,००० रुपये मंजूर केलेत. नोंदी ठेवतोय कारण उद्या कुणाला एखाद्या परदेशी आडनावावर असंच काही करायचं झालं तर वेळ आणि पैसा कुठे जातो ते आधी कळावं.

३ ऑगस्ट

यादीची पहिली खेप पूर्ण रद्द.

इंग्रजी स्पेलिंगवरून शोधलं होतं. 'के-ई' आणि 'के-ओ' अशी दोन स्पेलिंगं घेतली, भराभर पन्नासेक नावं जमली, बरं वाटलं. मग पुण्यात चिनी शिकणाऱ्या भाचीला यादी पाठवली तर तिने निम्म्याच्या वर लाल केली. 'को' मधले बरेचसे तर कोरियन, त्यांचं आडनाव चिनीत वेगळ्याच अक्षराने लिहितात. आणि सगळ्यात जिवावर आलं ते को हुंगला काढताना. चौथ्या शतकातला हा किमयागार आणि वैद्य, तातडीच्या उपचारांच्या त्याच्या पोथीत तापावर एका वनस्पतीचा थंड पाण्यातला रस काढून प्यायला सांगितलाय, ते वाचून थू योयो यांना मलेरियाच्या औषधाची वाट सापडली आणि २०१५ चं नोबेल मिळालं. डॉक्टरांच्या जयंतीला याच्याहून भारी पॅनल कुठलं! पण तो 'ख' नाहीच. जुन्या इंग्रजी पद्धतीत 'ख' ला के, मग वरती एक छोटी टिंबासारखी खूण, मग ओ असं लिहायचे, आणि को हुंगच्या आडनावाला तेच, फक्त ती खूण नाही. छापणाऱ्यांनी खुणा गाळल्या आणि दोन आडनावं एकमेकांत मिसळली.

आता नियम असा केलाय की शीटमध्ये पहिला कॉलम चिनी अक्षराचा. अक्षर डोळ्याने बघून चिकटवल्याशिवाय पुढचे कॉलम भरायचेच नाहीत. डावीकडे झाडाची खूण, उजवीकडे वर आडवी रेघ, तिला लटकलेला आकडा, आत छोटा चौकोन. एकूण नऊ फटकारे.

नुसतं अक्षर टाकून सर्च केलं तर कोडॅक कंपनी आणि एक जपानी कार्टून डिटेक्टिव्ह यांचाच पूर येतो, कारण दोघांची चिनी नावं याच अक्षराने सुरू होतात. सोबत 'आडनाव' अर्थाचं चिनी अक्षर जोडलं की मग बरं चालतं.

५ ऑगस्ट

अक्षरावरून शोधल्याचा पहिला मोठा फायदा म्हणजे सिंगापूर उघडलं. चीनच्या फुजियान प्रांतातून दक्षिणेला गेलेल्या लोकांच्या बोलीत हेच आडनाव 'क्वा' होतं, मग त्याची स्पेलिंगं कुणी 'के-डब्ल्यू-ए' करतो, कुणी 'क्यू-यू-ए-एच'. मकावमध्ये कँटोनीज उच्चाराने नुसतं 'ओ' उरतं, व्हिएतनाममध्ये 'खा'. स्पेलिंगच्या मागे गेलो असतो तर यातलं एकही माणूस हाताला लागलं नसतं.

क्वा ग्योक चू. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांची बायको एवढीच ओळख लोकांना असते. केंब्रिजला कायदा शिकली, १९४७ मध्ये तिथेच इंग्लंडात घरच्यांना न सांगता दोघांनी लग्न केलं, १९५५ मध्ये नवरा आणि दिराबरोबर वकिलीची फर्म काढली, २०१० मध्ये गेली. पण पॅनलवर मी पहिली ओळ पाण्याची घेतलीय. १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं तेव्हा मलेशियातल्या जोहोरमधून येणाऱ्या पाण्याची हमी वेगळं होण्याच्या करारातच घालायची होती, आणि तो मजकूर तिने लिहिला. उजनीचं पाणी कधी सुटणार याची रोज वाट बघणाऱ्या गावात ही ओळ कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

तिथलेच पोहणारे क्वा भावंड, चंग वन आणि त्याच्या बहिणी. चंग वन २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये बटरफ्लायच्या दोन्ही शर्यतींत सेमीफायनलला गेला होता.

मकावचे डॉ. ओ लोन म्हणजे ख लिन, तिथल्या कियांग वू हॉस्पिटलचे प्रमुख. म्हणजे डॉक्टर ख मध्ये कोटणीस एकटे नाहीत, हे कळल्यावर वाचनालयातली मंडळी एकदम खूश झाली.

९ ऑगस्ट

देवनागरीत काय लिहायचं यावर बरीच वादावादी झाली. पेपरात 'के' येतं. भाचीचं म्हणणं, चिनी उच्चारात ह सारखी हवा सुटते आणि पुढे 'ए' नाहीच, म्हणजे आपला नुसता 'ख'. आणि को हुंगच्या आडनावाचा उच्चार हवा न सुटणारा, आपला 'क'. म्हणजे इंग्रजीला ज्याच्यासाठी वरती टिंब द्यावं लागत होतं ते आपल्या बाराखडीत आधीपासून वेगळं आहे! तिथेच वाद मिटला. चीनमधल्या माणसांना 'ख', तैवान आणि सिंगापूरच्यांना त्यांचं कुटुंब जे लिहितं ते, को किंवा क्वा. आणि प्रत्येक पॅनलच्या कोपऱ्यात तेच एक चिनी अक्षर लाल रंगात, म्हणजे उच्चार कुठलाही असो, घर एकच हे दिसेल. प्रांतांची नावं पेपरात येतात तशीच ठेवली, तिथे शुद्धीकरण करत बसलो तर कुणाला काही कळणार नाही.

१७ ऑगस्ट

टोपणनावांनी एक अख्खा रविवार खाल्ला.

ख लिंग, शांघायचे मोठे निबंधकार. अक्षर बरोबर, सगळं बरोबर, पॅनलचा मजकूर पण लिहून झाला, आणि मग दिसलं की जन्माचं नाव काओ जिलिन. ख यान, १९७६ नंतर चीनचे पंतप्रधान चौ एनलाय यांच्यावरची जिची कविता घराघरात गेली ती कवयित्री, तिचं खरं आडनाव फंग. राजदूत ख ह्वा, जन्माने लिन. त्या पिढीत क्रांतीत किंवा साहित्यात उतरताना नाव बदलायची पद्धतच होती, आणि ख हे लिहायला सुटसुटीत, ऐकायला वेगळं, म्हणून घेत असावेत असं माझं मत.

काय करायचं? काहींचं म्हणणं होतं काढून टाका. मला ते पटत नाही. कारण मग कोटणीसांना कुठल्या तोंडाने ठेवायचं? त्यांनाही आडनाव दिलेलंच आहे. शेवटी दोन गट केले. जन्माचे ख आणि स्वीकारलेले ख. स्वीकारलेल्यांत ख लिंग, ख यान, ख ह्वा, कोटणीस, आणि डेव्हिड क्रूक. हा १९१० मध्येच लंडनला जन्मलेला इंग्रज, म्हणजे कोटणीसांच्याच वयाचा, चीनमध्ये राहिला, पेकिंगला आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, सांस्कृतिक क्रांतीत पाच वर्षं तुरुंगात घालवली आणि तरी तिथेच राहिला. त्याच्या चिनी नावाचं पहिलं अक्षर हेच, आणि मुलांच्या चिनी नावांतही तेच चाललंय.

उलटा प्रकार पण आहे. तैवानचा लेखक 'नऊ सुरे' या टोपणनावाने लिहितो, त्यात ख चा मागमूस नाही, पण तो जन्माने को चिंग-तंग. २०११ मध्ये त्याने पहिला मोठा सिनेमा केला, हिरो घेतला को चेन-तुंग. नात्यातले नाहीत दोघे, नुसतं आडनाव एक. अशी माणसं अक्षराच्या सर्चमध्ये वरती येतच नाहीत, त्यांच्यासाठी जन्मनावाचा वेगळा कॉलम ठेवा.

२४ ऑगस्ट

नकाशा लावला आणि मजा आली. जन्माच्या ख मधल्या मोठ्या नावांच्या टाचण्या टोचल्या तर झेजियांगच्या दक्षिण भागात एकाच ठिकाणी गर्दी झाली. चित्रकार ख च्यौस, थायचौ भागातल्या शियानच्यूचा. गणिती ख चाओ, त्याच थायचौतल्या वनलिंगचा. धातुशास्त्रज्ञ ख च्वुन, जन्म चांगछुनला पण घराणं थायचौचंच. आणि गो हा काळ्या-पांढऱ्या मोहऱ्यांचा पटावरचा खेळ खेळणारा ख च्ये, शेजारच्या लीश्वेचा. पहिल्या आणि शेवटच्याच्या जन्मात सातशे वर्षांचं अंतर आहे.

ख च्यौस (१२९० ते १३४३) याचं पॅनल मला सगळ्यात जवळचं. युआन राजवटीत, म्हणजे मंगोल बादशहाच्या दरबारात, जुनी चित्रं पारखून खरी-खोटी सांगणारा माणूस. स्वतः बांबू काढायचा. त्याची कृती लिहून ठेवलीय, बांबूचा दांडा जुन्या शिक्क्यांच्या लिपीच्या वळणाने ओढायचा, फांद्या धावत्या लिपीच्या हाताने, आणि पानं सपाट रुंद फटकाऱ्याच्या लिपीने. म्हणजे ज्याला अक्षर येतं त्याला चित्र येतं. १३३८ चं त्याचं शाईचं बांबूचं चित्र पेकिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे.

फोटो छापायच्या ऐवजी ही कृती करून दाखवायची ठरवली. ड्रॉइंगच्या सरांनी सातवीच्या तीन पोरींना बसवलं. पहिला कागद चालला नाही, साध्या कार्ट्रिजवर शाई तरंगते, फटकाऱ्याची कड फुगत नाही. हँडमेड कागद आणला तर त्याने शाई इतकी प्यायली की पानांचे डाग झाले. शेवटी हँडमेडवरच तुरटीचं पातळ पाणी मारून वाळवला, मग शाई थांबायला लागली. दांडा ओढताना पेरापाशी ब्रश दाबून थांबायचं, उचलायचा नाही, हे पोरींना माझ्याआधी जमलं. ब्रश, शाई, कागद मिळून ६००.

३१ ऑगस्ट

इतिहास. ख शाओमिन, शांदोंगचा, १८८६ मध्ये सर्वोच्च परीक्षा पास, आणि मग आयुष्य घातलं युआन राजवटीचा इतिहास नव्याने लिहिण्यात. २५७ खंडिका. आधीचा सरकारी इतिहास मिंग राजवटीत घाईघाईत उरकलेला होता, नावं चुकलेली, एकाच माणसाची दोन चरित्रं. याने ते सगळं परत केलं, आणि प्रजासत्ताकाच्या अध्यक्षांनी त्याला अधिकृत इतिहासांच्या मालिकेत जागा दिली. टोकियोच्या विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. १९३३ मध्ये वारला.

आडनावाच्या उगमाबद्दल परंपरा अशी की प्राचीन चीनमधल्या वू राज्याच्या एका राजपुत्राच्या नावातून हे आलं. पॅनलवर 'परंपरा सांगते' असं स्पष्ट लिहिलंय. त्यापेक्षा मला दुसरी गोष्ट भारी वाटली, फुजियानच्या बाजूला आणि परदेशात ख आणि त्साय या दोन आडनावांची मंडळी स्वतःला एकाच कुळाची मानतात, दोघांचं मूळ ठिकाण जी-यांग, आणि फिलिपीन्स, तैवानमध्ये दोघांच्या एकत्र कुलसभा आहेत. आपल्याकडे कुलदैवत एक निघालं की सोयरीक थांबते, तसलंच काहीसं. त्यामुळे ख कमी असले तरी एकटे नाहीत.

शांघायचे महापौर ख छिंगशी (१९०२ ते १९६५) यांना एका परिच्छेदात उरकलं. राजकारणात गेलो तर मोठ्या झेपेच्या, म्हणजे माओंच्या फसलेल्या उत्पादन मोहिमेच्या काळाचं सगळं सांगावं लागेल, त्याला तेवढी जागा नाही आणि अर्धवट सांगणं बरोबर नाही.

७ सप्टेंबर

ख चाओचं पॅनल पूर्ण नव्याने केलं.

१९१० चा जन्म, हा पण कोटणीसांच्या वयाचा! मँचेस्टरला गणिती मॉर्डेल यांच्या हाताखाली डॉक्टरेट, इंग्लंडात असतानाच पॉल एर्डोश आणि रिचर्ड राडो भेटले, तिघांनी १९३८ मध्ये एक प्रमेय सिद्ध केलं, छापलं मात्र थेट १९६१ मध्ये. आज जगभर ते एर्डोश-को-राडो प्रमेय म्हणून शिकवतात, यातला को म्हणजे हाच ख. प्रमेय झालं त्याच वर्षी हा चीनला परतला आणि स्छ्वान विद्यापीठात शिकवायला लागला, त्याच वर्षी मुंबईहून ती बोट निघाली.

पहिल्या पॅनलवर मी प्रमेय शब्दांत मांडलं होतं. नववीच्या पोरांना दाखवून बघितलं, कुणी दुसऱ्या ओळीच्या पुढे गेलं नाही. मग भाचीच्या मैत्रिणीने सुचवलं, डॉक्टर पाच आहेत ना, त्यांच्यावरच मांडा.

आता पत्र्यावर लोहचुंबकाच्या पट्ट्या आहेत. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू, कोटणीस. दोघादोघांची जोडी घेतली तर एकूण दहा जोड्या होतात. अट अशी की निवडलेल्या कुठल्याही दोन जोड्यांत निदान एक डॉक्टर सामाईक पाहिजे. जास्तीत जास्त किती जोड्या निवडता येतील? पोरं आधी अटल-बसू, बसू-कोटणीस, अटल-कोटणीस असा त्रिकोण लावतात आणि तीनवर अडकतात, चौथी कुठलीही लावली की अट मोडते. मग कुणीतरी सगळं पुसून एकच डॉक्टर धरून ठेवतं, कोटणीस-अटल, कोटणीस-बसू, कोटणीस-चोळकर, कोटणीस-मुखर्जी, आणि चार होतात. पाच कधीच होत नाहीत. प्रमेय हेच सांगतं, एकाला धरून ठेवण्यापेक्षा मोठं काही जमत नाही, फक्त माणसं गटाच्या निदान दुप्पट पाहिजेत. नववीच्या पोरांना मधल्या सुट्टीत उठवावं लागलं, हेच पॅनल बरोबर.

पत्रा आणि चुंबक ८५०. पातळ चुंबक पट्ट्या घेऊ नका, पत्र्यावरून घसरतात.

१४ सप्टेंबर

प्रवेशाच्या भिंतीवर दोन फुटी लाकडी अक्षर लावायचं होतं. बारा एमएमचा एमडीएफ, सीएनसीवाल्याकडे दिला. पहिल्यांदा जाळीसारखं करायला सांगितलं, म्हणजे पाट्यात अक्षर कोरून आरपार, मागून लाईट. कापून झालं आणि पाटा उचलल्याबरोबर आतल्या चौकोनाचा मधला ठोकळा खाली पडला. पडणारच, त्याला धरून ठेवायला चहूबाजूंनी काही नाही. त्याने मध्ये पूल ठेवून दुसरा कापायची तयारी दाखवली, पण तसं केलं तर चौकोनावर आडवी रेघ येते आणि अक्षर भलतंच दिसतं.

मग उलटं केलं, अक्षरच कापून घेतलं. तेही एक तुकडा होत नाही. झाड एक, वरची रेघ आणि आकडा मिळून दुसरा, आतला चौकोन सुटा तिसरा, कारण तो कुणालाच टेकलेला नसतो. तीन तुकडे नुसत्या अंदाजाने चिकटवले तर भाचीने फोटो बघून लगेच सांगितलं, चौकोन खाली घसरलाय. उपाय असा, खऱ्या मापाचा प्रिंट कागदावर काढायचा, भिंतीला डकवायचा, त्याच्या आत तुकडे बसवायचे, फेविकॉल पूर्ण सुकल्यावर कागद कडेने फाडायचा. दोन्ही वेळचं कापणं मिळून १,९०० गेले. आधीच तीन तुकडे सांगितले असते तर हजारात झालं असतं.

तुकडे घासून द्यायला आलेल्या सुतारमामांनी विचारलं अक्षराचा अर्थ काय. कुऱ्हाडीचा दांडा. ते पटकन म्हणाले, "अहो, मग हे दाराशी कशाला लावताय? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" आणि त्यांचं बरोबर आहे, मराठी माणसाच्या तोंडात पहिलं हेच येणार. चिनी बाजूला मात्र हा शब्द शुभ आहे. त्यांच्या सगळ्यात जुन्या काव्यसंग्रहात, शीचिंगमध्ये, एक कडवं आहे, दांडा कापायचा तर कुऱ्हाड लागते, बायको आणायची तर मध्यस्थ लागतो. आणि पुढे, दांडा कापणाऱ्याला माप लांब शोधावं लागत नाही, ते त्याच्या हातातच असतं. त्यावरून लग्न जमवण्याला 'दांडा धरणं' म्हणतात. हे सगळं अक्षराच्या खालीच मोठ्या टायपात लावलं, सुतारमामाच वाचून ठीक आहे म्हणाले.

२१ सप्टेंबर

छपाई. ज्यांना लेख प्रेसला द्यायचेत त्यांनी हे नीट वाचा.

दोन बाय तीन फुटांचे चौदा पॅनल, तीन एमएम सनबोर्डवर व्हिनाईल, ३६० रुपयाला एक. प्रेसमध्ये कोरल ड्रॉ जुन्या मराठी फॉन्टवर चालतं. आपली युनिकोड फाईल उघडली तर चिनी अक्षराच्या जागी रिकामे चौकोन, आणि 'ऱ्या' तुटून र वेगळा, या वेगळा. ऑपरेटर भला माणूस, त्याने मराठी पुन्हा टाईप करायची तयारी दाखवली, पण चौदा पॅनल कुणी परत तपासायचे? दोन पॅनल त्याच अवस्थेत छापून पण आले, ७२० गेले.

शेवटी घरीच सगळा मजकूर आउटलाईनमध्ये बदलून पीडीएफ केली, म्हणजे अक्षर अक्षर न राहता नुसता आकार होतो आणि कुठल्याही मशीनवर तसंच येतं. तोटा हा की त्यानंतर प्रेसमध्ये एक काना सुद्धा दुरुस्त होत नाही. म्हणून बदलण्याआधी कागदावर काढून दोघांनी मोठ्याने वाचायचं, एकाने मजकूर, दुसऱ्याने साल आणि आकडे.

२८ सप्टेंबर

कोटणीसांच्या पॅनलवरून आज वाचनालयात जोरात चर्चा झाली. एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं, ते कोटणीस आहेत, ख नव्हेत, दुसऱ्याच्या आडनावाखाली आपला माणूस कशाला मांडायचा. त्यांच्या भावना खोट्या नाहीत. पण मला वाटतं हे नाव नुसतं कागदावर राहिलं नाही. कम्युनिस्टांच्या येनानच्या तळावर गेले, तिथून त्यांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर आघाडीवर, जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक, हेबेईच्या थांग तालुक्यातल्या कोकुंग गावात. तिथले लोक त्यांना डॉक्टर ख च म्हणायचे. १९४१ मध्ये क्वो छिंगलान या नर्सशी लग्न. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला, सेनापती न्ये रोंगचन यांनी नाव ठेवलं यिनह्वा, यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले, वय ३२. माओंनी शोकसंदेशात लिहिलं, सैन्याचा मदतीचा हात गेला, राष्ट्राचा मित्र गेला.

मुलगा वाढला तो ख यिनह्वा म्हणून. आडनाव दुसऱ्या पिढीत गेलं तेव्हा ते उसनं राहिलं नाही, हे मी सभेत सांगितलं. यिनह्वा शिआनला वैद्यकीय शिकत होता आणि १९६७ मध्ये वारला, पंचविशीही पूर्ण नव्हती. क्वो छिंगलान २०१२ पर्यंत होत्या. म्हणजे सोलापूरहून निघालेली ख ची ही शाखा एकाच पिढीची. यिनह्वाचं पॅनल लिहिताना मला फार जड गेलं, आणि ते इतरांपेक्षा लहान ठेवलंय, दोन तारखा, तीन ओळी, नाव कुणी ठेवलं ते.

ज्येष्ठ सभासदांनी एक अट घातली आणि ती योग्यच आहे, पॅनलवर कोटणीस आधी आणि मोठं, ख तीह्वा खाली. तसं केलं. शेजारी टपाल तिकिटांची मोठी चित्रं, चीनचं १९८२ चं आणि भारताचं १९९३ चं. हेबेईतच शिजियाझुआंगला त्यांच्या चिनी नावाचं वैद्यकीय विद्यालय आहे, २०२० मध्ये तिथे पुतळा झाला, तेही जोडलं.

४ ऑक्टोबर

राहिलेले हयात लोक. को वेन-जे, तैवानची राजधानी तैपेईतल्या विद्यापीठ हॉस्पिटलचे सर्जन, २०१४ ते २०२२ तिथले महापौर, २०१९ मध्ये स्वतःचा पक्ष, २०२४ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिसरे, सव्वीस टक्क्यांच्या वर मतं. हयात राजकारण्यावर एवढंच लिहायचं ठरवलंय.

ख च्ये वर मात्र मोकळा हात सोडला. १९९७ चा जन्म. मे २०१७ मध्ये वूचनला अल्फागो या गो खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामशी तीन डाव, तिन्ही हरला, पहिला फक्त अर्ध्या गुणाने. शेवटच्या डावात मध्येच डोळे पुसताना जगाने त्याला बघितलं. आणि मग जानेवारी २०२५, कोरियात एलजी कप या गो स्पर्धेची फायनल. कोरियन नियमांत गुण मोजताना पकडलेले मोहरे लागतात, म्हणून ते वाटीच्या झाकणात सगळ्यांना दिसतील असे ठेवायचे. चिनी मोजणीत त्यांची गरजच नाही, त्यामुळे तिथल्या खेळाडूला आयुष्यभर ते कुठेही ठेवायची सवय. त्याने झाकणात ठेवले नाहीत म्हणून दंड, परत दंड, दुसरा डाव गेला, तिसऱ्यात पुन्हा तेच आणि किताब गेला. माझं मत पॅनलवर नाही पण इथे लिहितो, एवढ्या मोठ्या डावाचा निकाल झाकणावरून लागायला नको होता. टेबलावर दोन वाट्या, झाकणं आणि काळे-पांढरे मोहरे म्हणून बटणं ठेवलीत, लोकांना करून बघता येईल.

मोटरसायकलवरून चीनची भिंत ओलांडून उडी मारणारा स्टंटमन को शौ-लियांग (१९५३ ते २००३) याला पण चिकटवलं, १९९२ ची भिंत आणि १९९७ ची पीत नदीवरच्या हुखोउ धबधब्यावरची गाडीची उडी. शाळकरी पोरं आधी त्याच्याकडेच पळणार, त्यामुळे तो सगळ्यात आतल्या भिंतीवर.

१२ ऑक्टोबर

प्रदर्शन पार पडलं. हिशोब: पॅनल ५,०४०, पुन्हा छापलेले दोन ७२०, लाकडी अक्षर १,९००, पत्रा-चुंबक ८५०, बांबूचं सामान ६००. एकूण ९,११०. उरलेल्यातून २,४०० ची लाकडी पेटी करून घेतली, कारण सनबोर्डचे कोपरे पहिल्याच दिवशी दबायला लागले. पुढच्या वेळी कडेला ॲल्युमिनियमची पट्टी लावणार, पाच एमएम घेण्यापेक्षा ते स्वस्त.

बटणं निम्मी गायब झाली. बटणांऐवजी कॅरमच्या सोंगट्या ठेवा, खिशात जात नाहीत. बांबूच्या कृतीसमोर सगळ्यात जास्त गर्दी, तिथे एकच ब्रश ठेवला होता तो कमी पडला. यिनह्वाच्या पॅनलपाशी बरेच जण आईबापाला काय झालं ते विचारत होते, म्हणून तिथे क्वो छिंगलान यांच्यावर वेगळा मजकूर पाहिजे, तो आता लिहायला घेतलाय.

९ डिसेंबरला एका शाळेने सगळा संच मागितलाय. त्याच्या आधी दोन पॅनल वाढवायचेत, धातुशास्त्रज्ञ ख च्वुन (१९१७ ते २०१७), ज्यांनी पोलादातल्या बेनाइट नावाच्या सूक्ष्म रचनेवर १९५२ मध्ये इंग्लंडात असताना शास्त्रज्ञ कॉट्रेलबरोबर पायाभूत काम केलं, आणि हुबेईतला यांगशिन तालुका, जिथे ख घरं खूप आहेत. क्वा ग्योक चू सोडून बायका कमी आहेत आपल्या यादीत. अक्षराचा कॉलम भरून कुणी नावं पाठवली तर लगेच घेतो.